सातवा बिब्बा

मी सात बिब्बे टाकले होते, सहाच निघाले. पत्र्याचा डबा उपडा करून झटकला, बुडाशी बोटं फिरवली, कोपऱ्यात साचलेली शिकेकाईची धूळ वर्तमानपत्रावर पसरून चिवडली. सहा. परत मोजले. सहाच. सहा बिब्बे मोजायला अक्कल लागत नाही, तरी त्या सकाळी मी ते वीस वेळा मोजले असतील.

आम्ही तेव्हा बजाजनगरला दोन खोल्यांत राहायचो. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलायची. सासू आमच्याजवळच. मी घरी बसून केस धुवायची पूड करायचे. शिकेकाई, रिठा, वाळका आवळा, नागरमोथा, मूठभर मेथी, संत्र्याची साल. गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळवायचं, लोखंडी खलात कुटायचं, तलम कापडातून गाळायचं आणि पुड्या बांधायच्या. कुटताना नाकातोंडाला फडकं बांधलं तरी शिंकून शिंकून जीव जायचा. पण कॉलनीतल्या बाया नावाजायच्या. "तुमच्या पुडीनं केस गळायचे थांबले बघा," असं कुणी म्हणालं की मी दोन दिवस हवेत असायचे. दहावी नापास बाईला कुणी काही नावाजलं की असंच होतं.

आता बिब्बे कशाला, तर किडीसाठी. माझ्या माहेरी मेंढरं होती, थोडी कोरडवाहू होती. ज्वारीच्या कणगीत आई बिब्बे टाकायची, किडा फिरकायचा नाही. सात टाकायचे, पाच टाकायचे, पण विषम टाकायचे. का, ते आईलाही माहीत नव्हतं. मी माझ्या शिकेकाईच्या आणि आवळ्याच्या डब्यात तेच केलं. दुसऱ्या एखादीनं डांबरगोळी टाकली असती नाहीतर काहीच टाकलं नसतं. पण मला आईचंच बरोबर वाटायचं, त्याला मी काय करू? फक्त कुटायला काढण्याआधी सातही बिब्बे वेचून बाजूला ठेवायचे, एवढंच ध्यानात ठेवायचं. एवढं साधं काम. आणि तेवढंच चुकलं.

कुठं चुकलं तेही मला बरोबर माहीत होतं. कुटायच्या दिवशी समोरच्या घरातली वहिनी दारात येऊन बसली होती. तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलेलं, चितेगावला. मानपान, साड्या, जेवणाला गुलाबजाम की बुंदी, ती बोलत होती आणि मी हुंकार देत वेचत होते. वाळका आवळा काळा, बिब्बाही काळा. एक नजरेतून सुटला आणि खलात गेला. दुसरं काय?

ज्याला बिब्बा उतलेला माहीत नाही त्याला यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. त्याच्या आत डांबरासारखं तेल असतं. मेंढराचं खूर सडलं की वडील तेच तेल तापवून लावायचे. पण माणसाच्या कातडीला लागलं की एखाद्याला असं उततं की बघवत नाही. फोड येतात, सूज येते, पाणी गळतं. माझ्या चुलत बहिणीच्या गालाला एकदा लागलं होतं. आठ दिवस तिचे डोळे उघडले नव्हते, आम्ही पोरं तिला बघून पळत सुटायचो. आणि हे लगेच होत नाही. एक दिवस जातो, कधी दीड, माणूस निवांत असतो आणि मग सुरू होतं. काहींना मात्र काहीच होत नाही. मी त्यातली. लहानपणापासून हाताळलेला, मला बिब्बा उततच नाही. त्यामुळं कुटताना माझ्या हाताला काही झालं नव्हतं, याला काही अर्थ नव्हता. स्वतःवर लावून बघायची सोयही नव्हती. चडफडून मी स्वतःच्याच मांडीवर दोन बुक्क्या मारल्या.

खलात एका खेपेला जेवढं मावायचं त्याची एक पुडी व्हायची. म्हणजे बिब्बा एकाच पुडीत होता. पुड्या अकरा गेल्या होत्या.

"खरं सांगून टाक," सासू म्हणाली. "बिब्बा पडलाय म्हण अन् मोकळी व्हय. बाया काय खाणार हायेत का तुला?"

"खातील," मी म्हणाले. "पुन्हा कोण घेईल माझ्या हातचं?"

"नाय घेतलं तर नाय घेतलं. कुणाचं डोकं सडंल त्यापरीस बरं की."

सासूचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला तिचा असा राग आला की विचारू नका. नवरा पहिल्या शिफ्टला निघाला होता, बूट घालता घालता म्हणाला, "बोभाटा करू नको. बुरशी आली म्हण, गुपचूप बदलून घे." मला हेच ऐकायचं होतं. उरलेला चहा तसाच ठेवून मी पिशवी घेतली.

दिवसभर मी दारोदार फिरले. "अहो, त्या पुडीला बुरशी धरलीय, परत द्या, पुढच्या आठवड्यात नवीन देते." बहुतेकींनी मुकाट्यानं दिली. एकीनं पुडी उघडून हुंगली, म्हणाली, "कुठंय बुरशी? चांगली तर आहे." मी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. दोघींनी आदल्या दिवशीच डोकी धुतली होती. एकीला म्हणाले, "पांढरे झालेत का बघू," आणि भर दुपारी दारात बसवून तिच्या भांगातनं बोट फिरवलं. कातडी साफ. दुसरीच्या कपाळावर पुरळ दिसलं, तिला उजेडात ओढलं. घामोळ्या निघाल्या. ती म्हणाली, "काय हो, आज सगळ्यांच्या डोक्यात काय शोधत फिरताय?" मी हसले. ते हसू मला आजही आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत दहा पुड्यांचा हिशेब लागला. अकरावी वहिनीनं भाचीसाठी नेली होती. नवरीसाठी म्हणून मीच ती लाल कागदात बांधून दिली होती, हौसेनं. वहिनीच्या दाराला कुलूप होतं. ती चितेगावला गेली होती आणि लग्न तीन दिवसांवर आलं होतं.

तिकडं फोन कुणाकडं होता ते मला माहीत नव्हतं. डोळ्याला डोळा लागला नाही. सुजलेल्या चेहऱ्याची नवरी मुंडावळ्या बांधून बसलीय आणि नवरदेवाकडचे लोक उठून चाललेत, एवढंच दिसत होतं. पोरीचं लग्न मोडलं तर? मोडून मग ते कुणी जुळवायचं? मी?

सकाळी सिटी बसनं शहरात गेले, पैठण रोडला काळीपिवळी धरली. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मी त्याच्यावर अशी ओरडले की आतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, मयतीला चाललात का?" म्हणाले, "लग्नाला." सगळी गाडी हसली.

चितेगावात मांडवाचे खांब रोवायचं काम चालू होतं. अंगणात बाजेवर नवरी बसली होती, ओले केस पाठीवर पसरून. मी पिशवी हातातून खाली टाकली.

"काकू! तुम्ही?" पोरगी उठून पाया पडली. तिनं मला वहिनीकडं दोनदा पाहिलं होतं, तेवढीच ओळख.

"केस कधी धुतले?" मी विचारलं. कशी आहेस नाही, बरं आहे का नाही. एकदम केस.

"आत्ताच, काकू."

"माझ्या पुडीनंच ना?"

तिनं मावशीकडं, म्हणजे आमच्या वहिनीकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. वहिनी कौतुकानं म्हणाली, "बघा, तुमच्या पुडीसाठी एवढ्या लांबनं विचारायला आली बाई."

तिथंच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण नवरीची आई हसत चहा घेऊन आली, म्हणाली, "ताई, तुमच्यासारखी माया आजकाल कुणी करत नाय हो," आणि माझं तोंड मिटलं. आता सांगून काय होणार, धुऊन तर झालंय, सांगितलं तर घरभर रडारड, कदाचित बिब्बा त्या पुडीत नसेलच. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतो.

मी म्हणाले, "मी दोन दिवस राहते. नवरीच्या केसांची काळजी मी घेते."

मग काय! त्या घरात माझा उदोउदो झाला. पुडी उरलीय का विचारलं, तर पोरगी संपली म्हणाली. मी तिला पुन्हा नहायला लावलं, तिच्या टाळूला खोबरेल चोळलं, कारण बिब्ब्यावर खोबरं चालतं हे आईकडून ऐकलेलं. दर तासाला तिला जवळ घेऊन कानामागं, मानेवर, कपाळाच्या कडेला बघायचे. बाया म्हणायच्या, "पोटच्या पोरीचं कुणी एवढं करणार नाय." पोरगी लाजायची. मी मनात म्हणायचे, बायांनो, गप बसा गं.

कामाला त्या घरात माणसं थोडी नव्हती, पण सगळ्यात जास्त राबत होती ती नवरीची आत्या. बापाची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा गेलेला, तेव्हापासून भावाकडंच. मागच्या पडवीत तिची चूल होती. पहिल्या दिवशी तिनं मला गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, "खा माय, लई दमलेली दिसतीस." मी दोन घास खाल्ले आणि पोरीच्या मागं धावले.

दुसऱ्या दिवशी हळद. पोरीला हळद लावताना तिनं मान खाजवली. मी पाटापर्यंत कशी पोचले मला माहीत नाही. कानाखाली लाल टिपका! वाकून बघितलं, बोटानं दाबलं, मुंगी चावलेली. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, हिला तर नवरीपेक्षा जास्त हळद लागली." खरंच माझ्या साडीला सगळी हळद लागली होती. मी बाजूला जाऊन खांबाला टेकले आणि पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

तेवढ्यात मागून नवरीच्या आईचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "आत्याबाई पडून हायेत. तोंडावर काहीतरी उठलंय. कुणी तिकडं जाऊ नका, शुभकार्यात उगं कशाला." आवाजात चीड होती. मी ऐकलं. म्हाताऱ्या माणसाला कामानं काहीतरी झालं असेल, असं वाटलं आणि मी परत पोरीच्या कपाळाकडं बघायला लागले. मी ऐकून सोडून दिलं, हे मला लिहायलाच पाहिजे.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, गुलाबजाम नाही, बुंदीच होती. नवरीचं कपाळ आरशासारखं स्वच्छ. पाठवणीच्या वेळी मी सगळ्यांत जास्त रडले आणि सगळ्यांना वाटलं मायेनं. खरं तर मी सुटले म्हणून रडत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

पोरगी माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "काकू, एक खरं सांगू? रागावू नका. ती पुडी मी लावलीच नव्हती. त्यानं मला लई शिंका येतात, म्हणून शाम्पूनं धुतले. तुम्ही एवढ्या लांबनं आलात, कसं सांगायचं?"

"मग पुडी?" मी तिचा दंड धरला.

"आत्याला दिली. तिला वास लई आवडला होता."

गाडी सुरू झाली. बायांनी पोरीला आत बसवलं. सगळे हात हलवत होते आणि मी उलट्या दिशेनं पडवीकडं पळत होते.

पडवी अंधारी होती. चुलीशेजारी घोंगडीवर आत्या भिंतीकडं तोंड करून पडली होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी हाक मारली तरी वळली नाही. पदर बाजूला केला. कपाळ, कान, मान सगळं उतलेलं. डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिलेल्या. ज्या चेहऱ्याच्या भीतीनं मी चार दिवस जळत होते, तो चेहरा वीस पावलांवर होता आणि मी तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"गेली का पोर?" तिनं विचारलं. "चांगली दिसत व्हती का?"

"आत्या, हे कधी झालं?"

"राहू दे माय. माझीच चूक." ओठ सुजल्यामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. "पोरीनं मायेनं पुडी दिली. वास लई चांगला, मला मोह झाला. न्हाले त्यानं. भावजय म्हणली तेच खरं. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं नवरीच्या सामानातलं अंगाला लावलं, मंग दुसरं काय व्हणार? दोन दिस झाले देवाला म्हणतीय, मला काय करायचं ते कर, पण माझं पाप पोरीच्या संसारावर टाकू नको."

म्हणजे दोन दिवस ती अंगाची आग सोसत पडली होती आणि वर हे. कुणी तेल लावलं नव्हतं, कुणी डॉक्टरकडं नेलं नव्हतं, कारण सगळ्या घराला कारण माहीत होतं. खरं कारण माझ्या तोंडात होतं आणि मी त्या तोंडानं बुंदी खाल्ली होती.

"आत्या, पाप-बिप काही नाही. बिब्बा होता त्यात," मी म्हणाले. "किडीसाठी डब्यात टाकलेला. माझ्या हातनं कुटला गेला. मला चार दिवसांपासून माहीत आहे."

ती कोपरावर उठली. "बिब्बा व्हय?"

"व्हय, आत्या."

"निस्ता बिब्बा?"

तिनं बोटांनी स्वतःचं कपाळ चाचपलं, गाल चाचपला. त्या चिरांमधून पाणी वाहायला लागलं आणि सुजलेलं तोंड हसतंय की रडतंय, मला कळेना. तिनं मला शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होते. मी म्हणालेसुद्धा, "थोबाडीत मारा माझ्या."

"मारून काय करू?" ती म्हणाली. मग माझं मनगट धरलं. तिचा हात तापलेला होता, पण पकड घट्ट होती. "तू बाहेर येऊन सांग. पोरीच्या आईला सांग. समद्या बायांसमोर सांग. मी सांगितलं तर कुणी खरं मानायचं नाय."

मांडवात अजून सगळ्या होत्या. नवरीची आई, गावातल्या बाया, आमची समोरची वहिनी. मी जे बोलणार ते उद्या दुपारच्या आत बजाजनगरच्या प्रत्येक दारात पोचणार, हे मला दिसत होतं. डॉक्टर आधी, मग बोलू, असं मी म्हणाले. आत्या म्हणाली, "आधी सांग."

मी तिला धरून मांडवात आणलं. तिनं तोंडावरचा पदर स्वतःच्या हातानं काढला. भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या, कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. नवरीची आई पुढं येत होती, तिच्या कपाळावर आठी होती.

"माझ्या पुडीत बिब्बा होता," मी म्हणाले. आवाज नीट फुटला नाही. म्हणून परत म्हणाले, मोठ्यानं.